बिनपाण्याचा जिल्हा

"पाच."

"चार."

"पंचगंगा म्हणत्यात तिला, विद्या. चौगंगा न्हाय म्हणत कोण."

"आणि पाचगावात गावं किती हायत, अण्णा? जा, मोजून ये."

"पाचगाव मधी आणू नगंस. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती." अप्पांनी अंगठा तळव्यावर ठेवला आणि एकेक नाव घेत एकेक बोट त्यावर मिटलं. "आणि ही आत दडलेली सरस्वती. झाल्या पाच."

"ती वाहते कुठनं कुठं?"

"गुप्त हाय ती."

"गुप्त नदी मी रंगवू कशी? ब्रश कुठं टेकवू, तेवढं सांग."

"ते तुझं तू बघ. भूगोल तू शिकवतीस, मी न्हाय."

शाहूपुरीतल्या आमच्या रंगाच्या दुकानात हे चाललं होतं. फळीवर ऑइलपेंटचे डबे मांडून ठेवलेले होते: हिरवा, तपकिरी, पांढरा, काळा. निळा मात्र अप्पांच्या पाठीमागच्या कप्प्यात होता, आणि अप्पा त्या कप्प्याला पाठ लावूनच उभे होते.

"हे चार ने. निळा मिळायचा न्हाय."

"निळ्याबिगर नद्या कशा काढू?"

"पाच काढणार असलीस तर ने की. मी कुठं नको म्हणतोय?"

"अण्णा, ही काय कोथिंबीर हाय का, चार पेंड्या भाजीवर एक फुकट मागून घ्यायला?"

दुकानात उभं असलेलं गिऱ्हाईक हसलं. अप्पा हसले नाहीत. अत्तीही हसली नाही. तिनं चारही डबे पिशवीत भरले, पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "चल."

ईरप्पा, म्हणजे अप्पा, माझे वडील. त्यांची धाकटी बहीण विद्याश्री, म्हणजे माझी आत्या; ती त्यांना अण्णा म्हणायची. आमचं घराणं सीमेकडचं, घरात अर्धं कानडी, त्यामुळं आत्याला आम्ही अत्ती म्हणायचो आणि आजीला अव्वा. अत्ती मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. मी त्याच शाळेत नववीत होते. घरी अत्ती आणि वर्गात बाई, हा फरक मला चांगला जमायचा. तिला त्याहून चांगला जमायचा. गृहपाठ नसला की ती माझ्याकडं असं बघायची, जणू माझ्या घरी ती कधी जेवलीच नाही.

अत्तीला डावं-उजवं सांगता यायचं नाही. म्हणजे यायचं, पण ती सांगायची नाही. स्वयंपाकघरात ती म्हणायची, "उत्तरेकडची बरणी दे." रिक्षावाल्याला म्हणायची, "पुढच्या चौकात पश्चिमेला घ्या." तो रिक्षा थांबवून मागं वळून बघायचा. लग्न होऊन ती राजारामपुरीत गेली तेव्हा नव्या घरात पहिल्या दिवशी तिनं काय केलं, तर दारातून सूर्य कुठं येतो ते बघितलं आणि पलंग फिरवून घेतला. हे तिच्या सासूबाई हसत हसत सगळ्यांना सांगायच्या.

जमिनीवरच्या नकाशाचं वेड तिला सुष्मितामुळं लागलं. सुष्मिता गारगोटीची. कोल्हापुरात मामाकडं राहून शिकायची आणि शनिवारी बिद्रीवरनं जाणाऱ्या एस.टी.नं घरी जायची. आठवीच्या परीक्षेत तिनं लिहिलं, पंचगंगा दक्षिणेकडे वाहते. अत्तीनं तिला फळ्याजवळ बोलावलं. भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा टांगलेला होता.

"कुठं वाहते?"

"खाली." सुष्मितानं नकाशावर कोल्हापूर दाखवलं आणि बोट सरळ फरशीकडं नेलं. "पाणी खालीच जातंय की, बाई."

"खाली काय आहे?"

"गारगोटी."

"मग गारगोटीला जाताना तुझी एस.टी. उतरतच जाते का?"

"न्हाय. चढतीया बी, उतरतीया बी."

"मग गारगोटी खाली कशी?"

सुष्मितानं नकाशाकडं बघितलं, फरशीकडं बघितलं आणि प्रामाणिकपणे म्हणाली, "भिंतीवर खाली हाय. खरं कुठं हाय ते मला म्हाईत न्हाय."

वर्ग हसला. अत्ती हसली नाही. तिनं नकाशा खिळ्यावरून काढला, बाकं बाजूला सारायला लावली आणि फरशीवर पसरला, उत्तर उत्तरेकडं करून. आम्ही भोवती बसलो. "आता कोल्हापुरावर उभी राहा. चपला काढ. गारगोटीकडं तोंड कर." सुष्मिता वळली, खिडकीकडं तोंड करून. खिडकीबाहेर लांब एस.टी. स्टँडच्या बाजूचा धूर दिसत होता. "बाई," ती म्हणाली, "माझी एस.टी. खरंच हिकडंच जातीया." तिच्या तोंडावर जे आलं ते बघून अत्तीनं त्या दिवसापासून मुख्याध्यापिकाबाईंच्या मागं लागायला सुरुवात केली. शाळेच्या पटांगणात अख्खा जिल्हा रंगवायचा. दिशा खऱ्या. मुलींनी त्यावरनं चालायचं.

वर्षभर नुसतंच बघू, बघू चाललं. एकोणीसशे नव्याण्णवला पटांगणात नवा सिमेंटचा कोबा झाला आणि मुख्याध्यापिकाबाई एकदाच्या हो म्हणाल्या, पण एका अटीवर.

"दिवाळीच्या सुट्टीत पुरा करा, विद्याश्रीबाई. शाळा उघडल्यावर अर्धवट काही दिसलं, तर मी त्यावर लंगडीचं मैदान आखून घेणार. खेळाचे सर केव्हापासून मागतायत."

"पुरा होईल," अत्ती म्हणाली. "रंग माझा भाऊ देतोय."

भावानं दिलाही. निळा सोडून.

सुट्टी लागली. आम्ही नववीतल्या सात-आठ मुली रोज सकाळी शाळेत जायचो. अत्तीनं सुतळी गेरूत बुडवून आमच्या हातात दिली. दोन टोकांना दोघींनी धरून ताणायची, तिसरीनं मधे उचलून सोडायची, की कोब्यावर सरळ लाल रेघ उमटायची. अशा रेघांनी सगळं पटांगण चौकटींनी भरलं. तेवढ्याच चौकटी तिनं पुस्तकातल्या नकाशावर पेन्सिलीनं आखल्या होत्या. पुस्तकातल्या एका चौकटीत जे, ते कोब्यावरच्या त्याच चौकटीत. खडूनं सीमा उतरली. पश्चिमेला सह्याद्री तपकिरी झाला, पूर्वेला शाळेच्या फाटकाजवळ शिरोळ तालुका आला. बिद्रीच्या कारखान्याची चिमणी सुष्मितानं एवढी मोठी काढली की अत्ती म्हणाली, "ही गारगोटीतनं दिसेल."

"दिसती की, बाई. आमच्या माळावरनं धूर दिसतोय."

सगळं झालं, नद्या राहिल्या. शाळेत झाडलोट करणाऱ्या चिमणाबाई झाडू टेकवून उभ्या राहिल्या आणि बराच वेळ बघून म्हणाल्या, "समदं हाय. पाणी कुठाय? ह्यो कसला जिल्हा, पाण्याबिगर?"

 मीच म्हणाले, "अत्ती, शेजारच्या दुकानातून आणूया का निळा?"

सुट्टी होती, म्हणून अत्ती म्हटलं तर चाललं. पण तिनं वर्गातल्यासारखं बघितलं.

"भावाचं रंगाचं दुकान असताना मी दुसऱ्याच्या दारात डबा मागायला जाऊ? अख्ख्या शाहूपुरीत अण्णाला तोंड दाखवायला जागा राहील का?"

"पण ते देत न्हाईत."

"देत न्हाई ते माझं आणि त्याचं. ते रस्त्यावर न्यायचं नसतं."

मग ती तपकिरी सह्याद्रीच्या कडेला बसली आणि तिनं पहिल्यांदाच मला सांगितलं. आजोबा गेले तेव्हा अप्पा नववीत होते. शाळा सुटली ती सुटलीच, दुकान गळ्यात आलं. पुढं अत्तीची दहावी झाली तेव्हा काका मंडळी स्थळ घेऊन आली. अप्पांनी त्यांना दुकानाच्या पायरीवरनंच परत लावलं. "ती कॉलेजात जाणार हाय. काय शिकणार ते बी तीच ठरवणार." तिनं भूगोल म्हटल्यावर त्यांनी विचारलं होतं, त्यात काय असतंय? तर म्हणाली होती, अव्वा बोटांवर मोजायची ना नद्या, ते. अप्पा खूश झाले होते.

"अव्वा गेली तेव्हापासनं तो असा झालाय," अत्ती म्हणाली. "शाळेत गेलेली न्हाई, सही करता यायची न्हाई तिला. तिनं आम्हाला शिकवलेलं एवढंच. त्याला वाटतंय मी ते पुसायला निघालोय."

"मग काढ की एक रेघ. कुणाला कळतंय?"

"तुला कळतंय की," ती म्हणाली आणि उठली.

त्याच संध्याकाळी ती घरी आली. अप्पा जेवत होते.

"अण्णा, उद्या पोरींना संगमावर न्यायचं हाय. टेंपो देशील?"

"देतो. मीच चालवतो." अप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला. "बघू दे तुझ्या पोरींना पाची नद्या."

चिखलीच्या संगमावर आम्ही पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं. पाणी अजून भरून वाहत होतं. टेंपोतून उतरल्या उतरल्या मुलींनी मोजायला सुरुवात केली आणि मोजून लगेच संपलंसुद्धा.

"बाई, इथं तर दोनच हायत," सुष्मिता म्हणाली.

दोनच होत्या. एक इकडून येत होती, एक तिकडून, आणि पुढं मिळून एक. अप्पा काठावर उभे राहिले. माघात दर वर्षी अव्वाला घेऊन ते इथं अंघोळीला यायचे. त्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"यायचो तवा एवढं बघितलंच न्हाय कधी," ते हळूच म्हणाले. मग एकदम अत्तीकडं वळले. "पण तू तरी चार कुठनं म्हणतीस? दोनच हायत. बाकीच्या दोन तुझ्या बी गुप्तच की."

मुली अत्तीकडं बघायला लागल्या. प्रश्न बिनतोड होता.

"ही कासारी, ही भोगावती," अत्ती म्हणाली. "तुळशी आणि कुंभी आधीच वाटेत भोगावतीला मिळाल्यात."

"पुस्तकात."

"मी बघितल्यात. कॉलेजात असताना काठानं चालत गेलतो आम्ही."

"दाखव."

"आत्ता?"

"टेंपो हाय, डिझेल हाय. दाखव."

आम्ही पुन्हा टेंपोत चढलो. भोगावतीच्या काठाकाठानं, उसातनं, विचारत विचारत गेलो. एका ठिकाणी अत्तीनं थांबवलं. बांधावरून खाली उतरलो तर एक अरुंद प्रवाह येऊन भोगावतीत शिरत होता. तिथंच म्हशी बसल्या होत्या.

"ही तुळशी?" अप्पा म्हणाले.

"व्हय."

"एवढीशी?"

"एवढीशीच."

अप्पांनी विजार वर दुमडली आणि ते पाण्यात उतरले. गुडघ्याच्या वर पाणी आलं. तिथंच उभं राहून त्यांनी ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं. एक म्हैस त्यांच्याकडं बघत होती.

"कुंभीपण दाखवू?" अत्तीनं वरून विचारलं.

"नको. पटलं." ते तसेच उभे होते. "चार पटल्या, विद्या. पण मग पाचवी अव्वानं मनानं घातली म्हणायची काय?"

"अव्वानं न्हाई. सगळा मुलूखच म्हणतो की. तिनं ऐकलं, आपल्याला सांगितलं."

"मग सगळा मुलूख म्हणतोय ते काढायला तुझं काय जातंय?"

अत्ती बांधावर उकिडवी बसली. "अण्णा, देव्हाऱ्यात मी नमस्कार करतो तिला. तिथं मी विचारत न्हाई, कुठनं येतीस. पण नकाशात जे काढतो ते मला उद्या कुणी म्हटलं, दाखव, तर दाखवता आलं पाहिजे. आत्ता तू म्हणालास तसं."

 तेवढ्यात सुष्मिता अप्पांच्या मदतीला धावली.

"बाई, तुटक रेघ काढूया की. पुस्तकात असती तशी. तुटक तुटक निळी."

अप्पांचा चेहरा खुलला. "हां. ही पोरगी शानी हाय."

"तुटक रेघ म्हणजे काय, सुष्मिता?" अत्तीनं विचारलं.

सुष्मितानं पाठ म्हणून दाखवलं, "उन्हाळ्यात आटणारी नदी."

अप्पा पाण्यातनं बाहेर आले. दुमडलेली विजार खाली सोडली. "आटणारी," ते म्हणाले. "आमची अव्वाची नदी आटणारी. साकु." कानडीतलं पुरे, म्हणजे पुरेच.  परत येताना मुलींनी टेंपोत गाण्यांच्या भेंड्या लावायचा विचार केला होता, तो मनातच राहिला.

नंतरचे दिवस दिवाळीचे. अप्पा दुकानात, अत्ती राजारामपुरीत. पाडव्याला ती आली नाही. आईनं दोनदा विचारलं, फोन करू का? अप्पा म्हणाले, "भाऊबीजेला जायचंच हाय."

भाऊबीजेला आम्ही गेलो. अत्तीनं पाट मांडला होता, भोवती रांगोळी. अप्पा टोपी घालून बसले. तिनं कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. दोघंही एकमेकांच्या तोंडाकडं न बघता हे सगळं करत होते आणि ते दोघांनाही छान जमत होतं. मग ओवाळणीची वेळ आली. अप्पांनी शेजारची कापडी पिशवी उघडली. साडी असेल असं मला वाटलं, कारण आईनं साडी आणली होती. साडी होतीच. तिच्याखालून त्यांनी निळ्या रंगाचा डबा काढला आणि ताम्हणाशेजारी ठेवला.

अत्ती निरांजन हातात धरून तशीच राहिली.

"अण्णा."

"ओवाळणी हाय. घे."

"पाच का चार?"

"ओवाळणीत काय बोलायचं असतंय व्हय?" अप्पा उठले. "जेवायला वाढ. भूक लागलीया."

जेवताना ते चकल्यांबद्दल बोलले, शेजाऱ्यांच्या नव्या स्कूटरबद्दल बोलले. नद्यांबद्दल एक अक्षर नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अत्ती पटांगणात आली, डबा कोल्हापुरावर ठेवला आणि त्याच्याशेजारी बसली. आम्ही ब्रश रॉकेलमध्ये धुऊन तयार ठेवले. ती डबा उघडेना. सुष्मिता मला ढोसायला लागली, तू विचार. शाळा सोमवारी उघडणार होती.

"अत्ती, सुरू करूया?"

"हं."

"आता काढ की पाच. आता तर त्यांनी मागितलंसुद्धा न्हाई."

"म्हणूनच बसलोय," ती म्हणाली. "दुकानात अडवून बसला होता तवा सोपं होतं. भांडत होतो नुसतं. आता त्यानं हात सोडलाय. आता जे होईल ते माझं एकटीचं."

"त्यांना बरं वाटेल गं."

"मला काय वाईट वाटेल?" ती हसली, बोटानं डब्याच्या झाकणावर रेघा ओढत राहिली. "पुढच्या वर्षी आठवीला नवी पोरगी येईल, कुठल्यातरी खेड्यातनं. तिला अव्वा म्हाईत नसणार, अण्णा म्हाईत नसणार. तिला निळी रेघ दिसणार. बाईंनी काढलीया म्हणून ती तिच्यावरनं चालत जाणार. शेवटाला गेल्यावर मला विचारेल, बाई, ही कुठली? काय सांगू? माझ्या भावाची?"

मी ब्रश तिच्यापुढं सरकवले.

"आण तो पेचकस," ती म्हणाली आणि झाकण उचकटलं.

दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी आम्ही मुलींनी रंगवल्या. सुष्मितानं वेदगंगा गारगोटीला इतकी घासून नेली की तिचा तळवा निळा झाला. उत्तरेची वारणाही आमचीच. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती मात्र अत्तीनं एकटीनं काढल्या, गुडघ्यांवर बसून, मागं मागं सरकत. संगमापासून पुढं मोठा ब्रश घेतला. पंचगंगा कोल्हापूरला वळसा घालून इचलकरंजीकडं गेली, शिरोळला गेली आणि फाटकाच्या अगदी तोंडाशी कृष्णेला मिळाली. चार नद्या येऊन मिळाल्या. पाचवी नव्हती. चिमणाबाई नळावरून घागर घेऊन चालल्या होत्या, त्या नकाशाला वळसा घालून गेल्या. "पाणी आलं जनू," एवढंच म्हणाल्या.

शाळा उघडली त्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंनी अप्पांना मुद्दाम बोलावलं होतं. ते इस्त्रीचा सदरा घालून आले. घंटा व्हायची होती. मुली कडेला उभ्या होत्या आणि आपापली गावं शोधत होत्या. बाई आभाराचं काहीतरी बोलल्या, अप्पांनी हात जोडले, आणि मग सगळ्यांनी त्यांना वाट करून दिली.

ते फाटकाकडून नकाशात आले. शिरोळ, इचलकरंजी, कोल्हापूर. नदीच्या कडेनं पार संगमापर्यंत आले आणि थांबले. अत्ती राधानगरीशी उभी होती, पदर खोचलेला, कोपराला अजून निळा रंग होता.

अप्पांनी कासारी बघितली. कुंभी बघितली.

"ही तुळशी?"

"व्हय."

"बारीक काढलीस."

"हायच बारीक. तू उतरला होतास की."

"हां." ते अजून बघत होते. नकाशात आणखी काही बघायला उरलेलं नव्हतं, तरी ते बघत होते.  मी अप्पांच्या हाताकडं बघत होते, ते अंगठा आत घेऊन पुन्हा पाच मोजतील असं मला वाटत होतं. त्यांनी हात पाठीमागं बांधले.

"अण्णा," अत्ती म्हणाली. आवाज वर्गातला नव्हता, घरातला होता. "चुकलो का मी?"

अप्पांनी तिच्याकडं बघितलं.  मग ते वळले आणि आले तसे नदीच्या कडेकडेनं परत चालायला लागले. कोल्हापूरला वळसा घातला, इचलकरंजी मागं टाकली, शिरोळशी एक छोटी मुलगी वाटेत बसली होती तिच्या डोक्यावर हात ठेवून तिला जरा बाजूला केलं, आणि कृष्णा ओलांडून फाटकातून बाहेर, शाहूपुरीच्या रस्त्याला लागले.